औषधे, पितृत्व आणि आपला संकोच
(येरवडा येथील वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



येरवडा म्हटले की परगावच्या माणसाला दोन वास्तू आठवतात : कारागृह आणि मनोरुग्णालय. घरातील कोणी त्या दुसऱ्या वास्तूत असेल, तर लग्नाच्या बोलण्यात त्याचे नाव गाळण्याचा परिपाठ पुष्कळ घराण्यांत होता. तो संकोच हळूहळू ओसरत आहे; परंतु तसाच दुसरा एक संकोच आपल्या कुटुंबांत कायम आहे. त्याविषयी आज चार शब्द बोलावेत असे आम्हांस वाटते.

मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९६५ साली मूत्रपिंडरोपणाचा प्रयत्न झाला. वेल्लोर येथे १९७१ साली जिवंत दात्याचे मूत्रपिंड बसविण्यात यश आले. आज पुण्यातही अशा शस्त्रक्रिया होतात. परक्याचा अवयव शरीराने नाकारू नये म्हणून रोग्याला प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे नित्य घ्यावी लागतात. संधिवात, ल्यूपस, आतड्यांचा जुनाट दाह या विकारांतही अशी औषधे देतात. तरुण सावरतो, कामावर रुजू होतो, आणि मग घरात दबक्या आवाजात प्रश्न निघतो : याला मूल होईल काय?

याचे पहिले उत्तर आशादायक आहे. मूत्रपिंडे निकामी झाल्यानेच पुरुषाची जननक्षमता खालावते, आणि यशस्वी रोपणानंतर ती पुष्कळदा सुधारते. दुसरी गोष्ट अशी की, सर्व औषधे एका माळेचे मणी नव्हेत. अझाथायोप्रिन घेणाऱ्या पुरुषाने अपत्याचा विचार करण्यास तज्ज्ञांची हरकत नसते; टॅक्रोलिमस आणि सायक्लोस्पोरिन यांविषयीही सामान्यतः तेच मत आहे. सिरोलिमसने मात्र शुक्राणूंची संख्या घटू शकते. औषध बदलल्यावर ती बहुधा पुन्हा वाढते. आतड्यांच्या दाहात व संधिवातात दिल्या जाणाऱ्या सल्फासलाझिनचाही परिणाम असाच तात्पुरता असतो. मेथोट्रेक्सेट व मायकोफेनोलेट यांच्या माहितीपत्रकांत पुरुषांसाठी सावधगिरीच्या सूचना असतात. त्यांचा निर्णय वैद्याशी बोलूनच करावा.

खरी धास्ती सायक्लोफॉस्फामाइडची. त्याने होणारी हानी कायमची ठरू शकते. म्हणून उपचारापूर्वीच वीर्य गोठवून जतन करण्याची सोय विचारून घ्यावी. वेळ निघून गेल्यावर हळहळण्यात अर्थ नाही.

शुक्राणू तयार होण्यास सुमारे ७४ दिवस लागतात. म्हणून औषध बदलल्यावर निदान तीन महिने धीर धरावा लागतो. परंतु एक इशारा आम्ही कळकळीने देतो : मूल हवे म्हणून स्वतःच्या मनाने गोळ्या बंद करू नयेत. आईने किंवा पत्नीने दिलेले मूत्रपिंड अशा उतावळेपणाने गमावण्याचा धोका असतो. बदल करायचा तो वैद्याने, आणि वेळ राखून.

आता जे बोलावयाचे ते थोडे कटू आहे. पाळणा हलला नाही की आपल्याकडे प्रथम सुनेकडे बोट दाखविले जाते. तिला उपास आणि नवस सांगितले जातात. तिची तपासणी होते. मुलाच्या गोळ्यांचा डबा मात्र कोणी उघडून पाहत नाही. वीर्यतपासणी सोपी आणि अल्प खर्चाची आहे. ती टाळून एका निरपराध मुलीस वर्षानुवर्षे दोष देणे हा आमच्या मते अन्याय आहे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढून या विषयांवर उघडपणे लिहिले आणि त्यासाठी खटलेही सोसले. इतक्या वर्षांनी आपण निदान घरात तरी बोलावयास शिकू नये काय?

स्थळ सुचविताना आजार लपविणे हेही अयोग्यच. मुलाचे रोपण झाले असेल, तर ते बोलणी पक्की होण्यापूर्वी सांगावे. उभयतांनी वैद्याकडे एकत्र जावे, औषधांची यादी बरोबर न्यावी, शंका विचाराव्यात. सत्य जाणून होकार देणारी मुलगी संकटात पाठीशी उभी राहील. फसविली गेलेली मुलगी कोणत्या विश्वासावर राहील?

आपल्या मंडळाच्या वधूवर नोंदणीच्या कामात हा मोकळेपणा यावा, एवढेच आमचे मागणे आहे.