तरुण वयातील खुब्याचा कृत्रिम सांधा

(करंजाडे येथील व्याख्यानाचा मजकूर)



खुब्याचा सांधा बदलणे ही केवळ वृद्धांची शस्त्रक्रिया होय, असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुतः मांडीच्या हाडाच्या गोलकाचा रक्तपुरवठा खंडित झाल्याने तिशी-चाळिशीतील कर्त्या माणसांचाही खुबा निकामी होतो. दीर्घकाळ घेतलेली स्टिरॉइड औषधे, अतिमद्यपान आणि अपघात ही त्याची प्रमुख कारणे होत.

इंग्लंडमधील जॉन चार्नली यांनी १९६२ च्या सुमारास धातूचा गोलक आणि प्लास्टिकची वाटी वापरून या शस्त्रक्रियेस स्थैर्य दिले. परंतु तरुण रुग्णाची हालचाल अधिक व आयुष्यही दीर्घ. त्यामुळे वाटी झिजते, तिचे सूक्ष्म कण भोवतालच्या हाडाच्या ऱ्हासास कारण होतात आणि शस्त्रक्रिया पुन्हा करावी लागते. यावर उपाय म्हणून धातूवर धातू फिरणारे सांधे तरुणांसाठी पुढे आले.

जॉन्सन अँड जॉन्सन समूहातील डीप्यू कंपनीचा ‘एएसआर’ हा त्यांपैकीच एक. त्याच्या घर्षणातून कोबाल्ट व क्रोमियम रक्तात उतरू लागले. ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीने तो जगभरातून मागे घेतला. तोवर भारतात सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने मुंबईत पोलिसांकडे गुन्हा नोंदविला. केंद्राने २०१७ मध्ये समिती नेमली आणि २०१८ मध्ये ३० लाख ते १ कोटी २३ लाख रुपये भरपाईचे सूत्र मान्य केले. कंपनीने त्यास न्यायालयात आव्हान दिले. बहुसंख्य रुग्णांचा तर मागच लागला नाही. शरीरात कोणता सांधा आहे, हेच अनेकांना ठाऊक नव्हते!

आज सुधारित, अधिक टिकाऊ प्लास्टिक व सिरॅमिक यांचे पर्याय तरुणांसाठी उपलब्ध आहेत. तथापि, नवे ते चांगलेच असे गृहीत धरू नये. सांध्याचे नाव, घटक आणि त्याचा किती वर्षांचा अनुभव आहे, हे शस्त्रक्रियेपूर्वी अवश्य विचारावे. पॅकिंगवरील क्रमांकाचे लेबल आपल्या कागदपत्रांत जपून ठेवावे. सामायिक-प्रतिक्रमणास जमिनीवर मांडी घालून बसता येईल का, हेही डॉक्टरांना आधीच विचारावे. धातूवर धातूचा सांधा बसविलेल्यांनी त्रास नसला तरी नियमित तपासणी चुकवू नये.

दुकानातील पावती वर्षानुवर्षे सांभाळणाऱ्या समाजाने देहात बसविलेल्या वस्तूचीही पावती सांभाळावी, एवढीच विनंती.