बस सुटल्यानंतरचं विद्यापीठ

(धुळ्यातील विद्यार्थी शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



संयोजकांनी मला ‘उच्च शिक्षणातील संधी’ हा विषय दिला आहे. संधींची यादी तुम्हाला मोबाईलवर मिळेल. मी प्रवेश मिळाल्यानंतरच्या दोन वर्षांबद्दल बोलणार आहे, कारण त्याबद्दल आपल्या घरात कोणी बोलत नाही.

आपलं विद्यापीठ १५ ऑगस्ट १९९० ला स्थापन झालं. त्याआधी खानदेशातली महाविद्यालयं पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. आमच्या वेळी त्याचं नाव नुसतं उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ होतं. २०१८ मध्ये कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव त्याला जोडलं गेलं. बहिणाबाईंना लिहितावाचता येत नव्हतं. त्यांची गाणी घरच्यांनी टिपून ठेवली, म्हणून ती आपल्यापर्यंत पोहोचली. घरातून पहिल्यांदाच विद्यापीठात जाणाऱ्या मुलीने हे नाव जरूर लक्षात ठेवावं. आपल्या आईला सही येत नसेल, तर त्याची लाज वाटायचं कारण नाही.

विद्यापीठ जळगाव शहराबाहेर, गिरणेच्या काठी, धुळ्याकडे येणाऱ्या महामार्गावर आहे. परिसर साडेसहाशे एकरांचा. दुपारचे तास संपले की महामार्गावर बससाठी गर्दी व्हायची. पाळधी, एरंडोल, पारोळा, धरणगाव, सगळीकडची मुलं. त्या गर्दीत आपल्या मुली सगळ्यात पुढे असायच्या. मगरिबच्या आत घरी पोहोचायचं, ही घरची अट. आईबापांची काळजी मला समजते. अंधारात फाट्यावर उभं राहणं कोणत्याच मुलीला सोपं नसतं. माझं घर धुळ्याला, रोज जाणं-येणं शक्य नव्हतं, म्हणून मला हॉस्टेल मिळालं. पाळधीची असते तर मीही त्याच बसने गेले असते.

बस गेल्यावर तिथे दुसरंच विद्यापीठ सुरू व्हायचं. वाचनकक्षात अभ्यास, ‘युवारंग’ महोत्सवाच्या तालमी, राष्ट्रीय सेवा योजनेच्या बैठका, मेसमधले वाद. माझं दहावीपर्यंतचं शिक्षण उर्दू माध्यमातलं. सेमिनारमध्ये सगळं समजायचं, पण ‘तो’ म्हणू की ‘ते’, या भीतीने तोंड उघडायचं नाही. नंदुरबारकडची एक पावरा मुलगी माझ्यासारखीच गप्प असायची. तिची घरची बोली पावरी, माझी उर्दू; मराठी दोघींनीही पुस्तकातून शिकलेली. रात्री जेवण झालं की आम्ही एकमेकींना सेमिनार म्हणून दाखवायचो. अमळनेरची एक पाटील मैत्रीण आमच्या चुका काढायची आणि बदल्यात आमचा चहा प्यायची. त्या चहावर मी मराठी बोलायला शिकले.

६ जानेवारी २०१३, रविवार. धुळ्यात हॉटेलच्या बिलावरून सुरू झालेलं भांडण दंगलीपर्यंत गेलं. पोलिसांच्या गोळीबारात सहा मुस्लिम तरुण मारले गेले. शहरात संचारबंदी लागली. घरी फोन लागत नव्हता. अमळनेरच्या मैत्रिणीचे मामा आमच्या मोहल्ल्याजवळच्या एका दवाखान्यात कंपाउंडर होते. तिने त्यांना पुन्हा पुन्हा फोन लावला. रात्री अकराला त्यांनी घरची खुशाली कळवली. दोघी सकाळपर्यंत माझ्याजवळ बसून होत्या.

माझ्या वर्गात रोज बसने येणाऱ्या आपल्या दोन मुली होत्या. त्या दोन आठवडे आल्या नाहीत. वर्गातल्या कोणाला त्यांचा फोन नंबरसुद्धा माहीत नव्हता. त्यांच्याबद्दल कोणाच्या मनात वाईट होतं असं नाही. त्यांना कोणी ओळखतच नव्हतं. पुढे त्यातली एक परत आली, दुसरी आलीच नाही. माझी मैत्री काही त्या रविवारी जमलेली नव्हती. ती दीड वर्षाच्या संध्याकाळींतून जमली होती, आणि त्या संध्याकाळी या दोघींना मिळाल्याच नव्हत्या.

ओळख नसण्यात आपलाही हात असतो. यावल-रावेरकडच्या तडवी मुली हॉस्टेलमध्ये होत्या. धर्माने मुसलमान, जमातीने आदिवासी. इतर मुली त्यांना ‘तुम्ही आदिवासी कशा?’ विचारायच्या आणि आपल्यातल्या मुली विचारायच्या, ‘तुम्ही खरंच मुसलमान आहात का?’ प्रश्न दोन, पण दोन्हींचा अर्थ एकच: तू आमच्यातली नाहीस.

जळगावच्या डॉ. पायल तडवी याच समाजाच्या. २२ मे २०१९ ला मुंबईत पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण घेताना त्यांचा मृत्यू झाला. तीन वरिष्ठ डॉक्टरांवर जातीवरून छळ केल्याचा आणि आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा आरोप ठेवला गेला. त्यांची आई आबेदा तडवी यांनी त्याच वर्षी रोहित वेमुलाची आई राधिका वेमुला यांच्यासोबत सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. विद्यापीठ अनुदान आयोगाचे भेदभावाविरुद्धचे २०१२ चे नियम नीट अमलात यावेत, ही त्यांची मागणी होती. त्या नियमांत जातीबरोबर धर्म आणि भाषेवरून होणारा भेदभावही येतो. खानदेशातली एक मुस्लिम आदिवासी आई आणि आंध्रातली एक दलित आई एकत्र उभ्या राहिल्या, त्या सगळ्यांच्या मुलांसाठी. आपल्या मुलांनी एवढं तरी करावं: कॉलेजमध्ये समान संधी कक्ष आहे का, तक्रार कोणाकडे करायची, हे पहिल्याच महिन्यात विचारून घ्यावं.

आता दोन आकडे सांगते. २०११ च्या जनगणनेत मुसलमान १४.२ टक्के. केंद्र सरकारच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार देशातल्या विद्यार्थ्यांत आपला वाटा २०१९-२० मध्ये ५.५ टक्के होता, तो २०२०-२१ मध्ये ४.६ टक्क्यांवर आला. त्यानंतर संशोधकांसाठीची मौलाना आझाद फेलोशिपही केंद्राने २०२२-२३ पासून बंद केली. त्याविरुद्ध बोललंच पाहिजे. पण जे थोडे विद्यार्थी आत पोहोचतात, ते बसच्या वेळेपुरतेच आत असतील, तर तो ४.६ चा आकडाही फुगवलेला समजा.

म्हणून काही विनंत्या. मुलींनो, आठवड्यातून एक दिवस उशिराची बस पकडा. एकट्या नको, चौघी मिळून. विद्यापीठाकडे आणि एस.टी.कडे संध्याकाळच्या जादा गाडीसाठी सह्यांचा अर्ज द्या. सह्या सगळ्या समाजांच्या मुलींच्या घ्या, कारण अंधाराची अडचण सगळ्यांची आहे. मुलांनो, कँटीनमध्ये आपलंच टोळकं करून बसू नका. आणि बहीण उशिरा येणार असेल तर उलटतपासणी करण्यापेक्षा स्टँडवर जाऊन तिला घेऊन या. हॉस्टेलवाल्यांनो, रोज ये-जा करणाऱ्या वर्गमित्रांचे नंबर आजच घेऊन ठेवा. शहरात काही घडलं, तर पहिला फोन तुमचा गेला पाहिजे.