टेबलावरचा की मांडीवरचा?

(मंडळाच्या हळदीकुंकवाच्या दिवशी केलेले भाषण)



मंडळाच्या शिलकीतून मुलींच्या वर्गासाठी एक कॉम्प्युटर घ्यायचे ठरले आहे. तो टेबलावरचा घ्यावा की लॅपटॉप, यावर मागच्या सभेत बराच वाद झाला. सातवी शिकलेली बाई यावर काय बोलणार, असे कुणाच्या मनात येईल. पण माझा भाचा कॉम्प्युटर दुरुस्त करतो, आणि आमची पुढची खोली त्याच्या सामानाने कायम भरलेली असते. त्याला चहा देता देता मी विचारत गेले आणि आकडे वहीत उतरवून घेत गेले. तेच आज सांगते.

कॉम्प्युटरचे सगळे काम ज्या चिपमध्ये होते तिला प्रोसेसर म्हणतात. आय-सेव्हन हा आय-फाइव्हपेक्षा भारी, असे आपण धरून चालतो. माझ्या नणंदेच्या मुलीलाही एका दुकानदाराने हेच सांगितले. तिने साठवलेले पैसे घालून आय-सेव्हनचा लॅपटॉप घेतला. ती लग्नामुंजींचे व्हिडिओ तयार करून देते. आता मोठे काम निघाले, की यंत्र तापते आणि ती डोक्याला हात लावून बसते.

तिचा प्रोसेसर इंटेलचा आय-सेव्हन १३५५ यू. त्याच सुमारास, २०२३ च्या आरंभी, टेबलावरच्या कॉम्प्युटरसाठी आय-फाइव्ह १३४०० निघाला. दोहोंतही दहा कोअर, म्हणजे कामाला दहा दहा माणसे. पण लॅपटॉपवाल्याकडे दणकट अशी दोनच, बाकीची आठ हलक्या कामाची. टेबलावरच्याकडे सहा दणकट आणि चार हलकी. लग्नघरी दहा बायका येणार म्हणून आपण निर्धास्त राहावे, आणि त्यांतल्या दोघीच पुरण वाटणाऱ्या निघाव्यात, तसे हे झाले!

खरी गोम विजेत आणि उष्णतेत आहे. त्या लॅपटॉपच्या चिपला नेहमीच्या कामासाठी १५ वॅट ठरवून दिलेले, टेबलावरच्या चिपला ६५. जोर लावायचा तेव्हा पहिली ५५ पर्यंत जाते, दुसरी १४८ पर्यंत. लॅपटॉपला जास्त देता येत नाही, कारण बॅटरी पुरायला हवी आणि त्या पातळ पेटीतून उष्णता बाहेर पडायला जागा नाही. बंद स्वयंपाकघरात पोळ्या लाटणारी बाई पहिल्या दहा भराभर लाटते, मग पदराने घाम पुसत तिचा हात मंदावतो. चिपही तशीच आपला वेग आपणहून कमी करते, नाहीतर ती जळेल.

आणखी एक गंमत पाहा. पाटीवर मोठ्या अक्षरांत जो गिगाहर्ट्‌झचा आकडा असतो, तो सर्वांत जास्त वेगाचा. या लॅपटॉपचा ५ आणि त्या टेबलावरच्याचा ४.६. म्हणजे लॅपटॉपच पुढे! पण तो वेग थोडा वेळच टिकणारा. दणकट कोअरचा मूळ वेग पाहिला तर लॅपटॉपचा १.७ आणि टेबलावरच्याचा २.५. म्हणून पत्र लिहायला, जमाखर्च मांडायला लॅपटॉप मुळीच मागे पडत नाही. लांबलेल्या कामातच त्याचा दम कळतो.

ॲपलने २०२० मध्ये एम-वन नावाची चिप काढली. तीच मॅकबुक एअर या लॅपटॉपात घातली आणि तीच टेबलावर ठेवायच्या मॅक मिनीतही. एअरला पंखाच नाही, मिनीला आहे. चिप एकच, तरी लांबलचक कामात एअर मंदावतो. माहेर एकच असले तरी सासर कसे मिळते, यावर बरेच असते म्हणायचे!

लॅपटॉपात दांडगे प्रोसेसर येतच नाहीत असे नाही. नावाच्या शेवटी ‘यू’ असले तर चिप हलक्या कामाची, ‘एच’ असले तर जास्त ताकदीची आणि ‘एचएक्स’ असले तर जवळजवळ टेबलावरचीच. पण ती यंत्रे जड, महाग, आणि त्यांचा पंखा असा घोंघावतो की शेजारी बसवत नाही.

लॅपटॉपच्या बाजूनेही बोलायला हवे. वीज गेली तरी तो चालू राहतो. टेबलावरच्याला यूपीएस लागेल, पडदाही वेगळा घ्यावा लागेल. घरोघर फिरून काम करणाऱ्या मुलीला लॅपटॉपच बरा. पण आपला वर्ग एकाच खोलीत भरतो, आणि मुलींना व्हिडिओचेच काम शिकायचे आहे, त्यावर त्यांना दोन पैसे मिळवायचे आहेत. माझे मत टेबलावरच्याला. पुढे एखादा भाग बिघडला तर तेवढाच बदलता येतो, हेही आपल्या तिजोरीला परवडणारे.

सभेत लॅपटॉपचेच ठरले, तर दुकानात नुसते आय-सेव्हनवर भुलू नका. शेवटचे अक्षर विचारा, दणकट कोअर किती ते विचारा. सिनेबेंच नावाची चाचणी असते, ती दहा मिनिटे चालवून दाखवायला सांगा. आरंभी आणि शेवटी वेग किती, तो लिहून घ्या. मग चार्जर काढून पुन्हा चालवायला लावा, कारण पुष्कळ लॅपटॉप नुसत्या बॅटरीवर आणखी हळू चालतात. दुकानदार कुरकुरेल, कुरकुरू द्या. पैसे आपले आहेत. मी दोन दुकानांतून दरपत्रके आणणार आहे; बरोबर कुणी यायचे असेल तर आत्ताच सांगा, म्हणजे दुपारची वेळ ठरवू.