सरकी कोणाची? दरसाल पाकीट घ्यावं का लागतं?
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



मागच्या बैठकीत एका भावानं विचारलं होतं, "साहेब, आपल्या कापसाचा भाव कधी वर तर कधी खाली. मग बियाणं विकणाऱ्याचं कधीच कसं बुडत नाही?" त्या दिवशी वेळ नव्हता, म्हणून आज फक्त याच प्रश्नावर बोलतो. कंपनीला शिव्या देणं सोपं आहे. पण तिनं जागा कशी धरली आणि वर्षानुवर्षं कशी राखली, हे कळलं नाही तर आपलं आंदोलन भलत्याच दारावर जाऊन बसेल.

गोष्ट बीटीपासून सुरू होत नाही. १९७० साली सुरतच्या केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी एच-४ हा कापसाचा पहिला संकरित वाण दिला. काम सरकारी होतं आणि चांगलं होतं, उतारा वाढला. तोवर आपल्या घरी सरकी राखायची, शेणात घोळायची आणि पेरायची, असा रिवाज होता. संकरिताची सरकी दुसऱ्या साली पेरली तर झाड एकसारखं येत नाही, म्हणून दरसाल दुकानाची पायरी आली. यात कायदा नाही, पेटंट नाही. कुलूप झाडाच्या स्वभावातच आहे. अमेरिका, ऑस्ट्रेलिया, ब्राझील हे देश मुख्यतः सरळ वाणच लावतात. संकर करायला एकेक फूल हातानं सोलावं लागतं, तेवढे स्वस्त हात त्यांच्याकडे नाहीत. ते आपल्याकडे आहेत, आणि आपल्याच लेकीबाळींचे आहेत.

मार्च २००२ मध्ये बीटीला परवानगी मिळाली. वाण महिकोचे, जनुक मोन्सॅन्टोचं. पहिल्या जनुकावर, क्राय १ एसीवर, भारतात पेटंटच नव्हतं! तरी दुसऱ्या कोणाला ते विकता येईना, कारण परवानगीसाठी वर्षानुवर्षांच्या चाचण्या आणि कागद लागत होते. २००१ साली गुजरातेत नवभारत १५१ हे विनापरवाना बीटी शेतात उभं सापडलं, तेव्हा सरकारनं ते पीक नष्ट करायचा हुकूम काढला. आपण परवानगीकडे अडचण म्हणून पाहतो. जो आधी आत शिरला, त्याच्यासाठी तेच कुंपण होतं.

यापुढची चाल खरी हुशारीची. जनुकाच्या मालकानं प्रतिस्पर्धी कंपन्यांशी भांडण केलं नाही, त्यांना परवाने दिले. चाळीसहून अधिक कंपन्या आल्या. कोणाचंही पाकीट घ्या, वाटा एकाच घरी जाणार. इथं आम्हाला आमची चूक कबूल केली पाहिजे. त्या काळात आम्ही गावोगाव सांगत होतो की कंपन्या वाढल्या म्हणजे स्पर्धा होईल आणि भाव आपोआप उतरेल. शेतीची पदवी घेऊनही आम्हाला दिसलं नाही की चित्रं वेगळी आहेत, आतला माल एकच आहे. ४५० ग्रॅमचं पाकीट १,६०० रुपयांच्या वर गेलं, त्यात जनुकाचेच सुमारे १,२५० होते.

भाव उतरला तो बाजारानं नाही. २००६ साली आंध्र सरकार मक्तेदारी आयोगाकडे गेलं आणि पाकीट ७५० वर आलं. पण त्याच साली दोन जनुकांचं बीजी-२ बाजारात आलं आणि याच्या नव्या जनुकावर पुढे पेटंटही मिळालं. जुन्या मालाची कमाई घटायच्या आत नवा माल तयार ठेवायचा, हे कंपनीला जमलं. आपल्याला तुरीचं जमत नाही, ते सोडा.

कुंपण पोखरलं ते गुलाबी बोंडअळीनं. ही अळी जवळजवळ कापसावरच जगते. आपण नॉनबीटीची पुडी बांधावर फेकली आणि फरदड फेब्रुवारी-मार्चपर्यंत उभी ठेवली. दोष एकट्या कंपनीचा नाही. २०१७ साली विदर्भ-मराठवाड्यात बोंडं फोडून पाहिली तेव्हा काय दिसलं, ते इथं बसलेल्यांना सांगायला नको.

२०१५ च्या डिसेंबरात केंद्रानं किंमत नियंत्रण आदेश काढला. जनुकाचा वाटा २०१६ ला ४९ रुपये झाला, पुढे ३९, मग २०. २०१९ मध्ये पेटंटची मुदत संपली आणि २०२० ला वाटा शून्य झाला. त्या साली पाकीट ७३० ला होतं. २०२४ ला तेच ८६४! जनुकाचा पैसा गेला, अळी जनुकाला जुमानत नाही, तरी पाकीट चढतंच आहे. कारण १९७० चं कुलूप अजून लागलेलं आहे.

आता ज्वारीकडे बघा. मालदांडी ३५-१ मोहोळच्या केंद्रावर १९३० च्या दशकात निवडली गेली. सरळ वाण आहे, कणसं निवडून बी घरात ठेवता येतं. इतकी वर्षं ती रानात आहे, पण तिच्यावर कोणा कंपनीला मक्ता करता आला नाही. २००१ च्या वाणसंरक्षण कायद्यानंही शेतकऱ्याला बी राखायचा, पेरायचा, देवाणघेवाण करायचा हक्क दिला आहे. फक्त ब्रँड लावून विकता येत नाही.

नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेनं रजत, सूरज अशा सरळ वाणांत पहिलं बीटी जनुक घालून दिलं आहे. गुलाबी अळी त्यानं थांबणार नाही, हे आधीच सांगतो. पण लवकर येणारा सरळ वाण हलक्या रानात दाट लावला आणि डिसेंबरात उपटला, तर अळीला पुढची पिढी काढायला बोंड सापडत नाही. बोंड लहान असतं, वेचणीला बाया कुरकुरतात, तेही खरं. सगळं रान कोणी घालू नका. अर्धा एकर घाला, शेजारी नेहमीचं पाकीट लावा, आणि दोन्हींचा खर्च-उतारा एकाच वहीत लिहा. ज्यांची तयारी आहे त्यांनी जेवणाआधी आमच्याकडे गाव आणि जमिनीचा प्रकार लिहून द्यावा. बियाणं थोडंच आहे, मृगाच्या आधी वाटून टाकू.