खोड ठाऊक असलेली मोटार

घोडा विकत घेण्याची वेळ आली म्हणजे पूर्वींचे जाणते लोक त्याची चाल पाहत, दांत पाहत, खूर उचलून पाहत, आणि शेवटीं विकणारास एकच प्रश्न विचारीत: याची खोड कोणती? अगदीं बिनखोडीचा घोडा नसतो, हें घेणारास ठाऊक असे आणि देणारासही ठाऊक असे. प्रश्न एवढाच असे कीं, ती खोड कळल्यावर घेणाराची मांड टिकेल कीं नाहीं. घोड्याची जागा पुढें मोटारीनें घेतली. परंतु हा प्रश्न मात्र जसाच्या तसा उरला.

श्रोत्यांनीं अशी कल्पना करावी. अमेरिकेंतील एका लहानशा शहरीं एक शाळामास्तर आहेत. वय पन्नाशीच्या पुढें गेलें आहे, मुलें आपापल्या मार्गास लागलीं आहेत. तरुणपणीं खोलीच्या भिंतीवर लावलेल्या चित्रांतील एक स्पोर्ट्स मोटार त्यांच्या मनांतून कधींच उतरली नाहीं. ती मोटार म्हणजे जर्मनींतील श्टुटगार्ट शहरीं तयार होणारी पोर्शे ९११. नवी घेण्याइतका पैसा त्यांच्यापाशीं कधींच नव्हता व पुढेंही होण्याचा संभव नाहीं. अशांत एके दिवशीं त्यांस आढळून येतें कीं, १९९७ ते २००५ या काळांत निघालेल्या त्याच नांवाच्या मोटारी इतर ९११ मोटारींच्या मानानें बऱ्याच स्वस्त मिळतात. एवढी नामांकित वस्तु स्वस्त कां? चौकशी करतां जें उत्तर मिळतें तें एकाच शब्दाचें असतें: बेअरिंग.

हें बेअरिंग तेथें आलें कसें, याची कथा समजून घेण्याजोगी आहे. १९८६ च्या सुमारास पोर्शेच्या मोटारी वर्षास ५० हजारांहून अधिक विकल्या जात. १९९३ च्या सुमारास हा आंकडा त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्याही खालीं उतरला. कारखाना स्वतंत्र राहतो कीं नाहीं, अशी शंका लोकांस येऊं लागली. वेंडेलीन वीडेकिंग यांच्या हातीं सूत्रें आलीं तीं याच वेळीं. त्यांनीं जपानी तज्ज्ञांस बोलावून कामाची रीत बदलली व खर्च कमी केला. १९९६ सालीं बॉक्सटर ही लहान मोटार निघाली आणि १९९७ सालीं नवी ९११ लोकांपुढें आली. कारखान्याच्या दप्तरीं या नव्या ९११ चा क्रमांक ९९६. दोन्ही मोटारींचे पुष्कळ भाग सामाईक ठेविले होते, आणि दोहोंचीं एंजिनेंही एकाच कुळांतलीं होतीं. तोंपर्यंत वाऱ्यानें थंड होणारें ९११ चें एंजिन आतां पाण्यानें थंड होऊं लागलें. या बदलामुळें कारखाना तरला, हें निर्विवाद आहे. परंतु याच नव्या एंजिनाच्या पोटांत एक लहानशी वस्तु अशी बसली कीं, तिची चर्चा पुढें एंजिनाच्या गुणांहून अधिक झाली.

एंजिनाचा मुख्य दांडा, ज्यास क्रँकशाफ्ट म्हणतात, तो फिरला म्हणजे त्याच्या खालचा एक मधला दांडा साखळीनें फिरतो. या मधल्या दांड्याच्या दोन टोकांवरून आणखी साखळ्या निघतात आणि त्या व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याचें काम नियमानें चालूं ठेवितात. जुन्या, वाऱ्यानें थंड होणाऱ्या एंजिनांत हा दांडा साध्या बेअरिंगांवर फिरे, व तेथें दाबाखालीं तेल पोंचत असे. नव्या एंजिनांत फ्लायव्हीलकडील टोकास छर्ऱ्यांचें एक बंद बेअरिंग बसविलें गेलें. त्यांत ग्रीस भरून दोन्ही बाजूंनीं झांकणें लाविलेलीं. कल्पना अशी कीं, आंतलें ग्रीस जन्मभर पुरावें व बाहेरील तेलाची गरजच पडूं नये. परंतु उष्णतेनें व काळानें तीं झांकणें कडक होतात. एंजिनाचें तेल आंत झिरपतें. ग्रीस धुवून जातें. आणि मग छर्ऱ्यांस ना ग्रीस उरतें, ना ताजें तेल पुरेसें मिळतें. ते झिजूं लागतात. एके दिवशीं बेअरिंग ढासळतें, दांडा जागचा हलतो, साखळ्यांचा मेळ चुकतो, व्हॉल्व्ह पिस्टनांवर आपटतात आणि धातूचा चुरा तेलावाटे सर्वत्र पसरतो. मुठींत मावेल एवढ्या वस्तूपायीं सबंध एंजिन निकामी होतें, आणि तेंही बहुधा फारशी पूर्वसूचना न देतां.

सर्वच मोटारींत हें बेअरिंग सारखें नव्हतें. आरंभीच्या मोटारींत छर्ऱ्यांच्या दोन रांगा होत्या. २००० च्या सुमारास त्यांच्या जागीं एका रांगेचें बेअरिंग आलें, आणि अधिक दुर्लौकिक झाला तो याचाच. २००५ नंतर मोठें व अधिक टिकाऊ बेअरिंग बसूं लागलें. मात्र तें एंजिनाचें कवच उकलल्यावांचून बाहेर काढतां येत नाहीं. २००९ च्या नमुन्यापासून नवें एंजिन आलें व त्यांतून तो मधला दांडाच नाहींसा झाला. आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. याच ९९६ च्या टर्बो व जी-टी-३ या महागड्या जातींत जुन्या घडणीचें निराळें एंजिन होतें. त्यांस ही खोड कधींच नव्हती.

गाऱ्हाणीं अखेर न्यायालयापर्यंत गेलीं. अमेरिकेंत अनेक मालकांच्या वतीनें एकत्र दावा झाला आणि २०१३ सालीं त्यांत तडजोड झाली. २००१ ते २००५ या काळांतील मोटारींच्या मालकांस, ठराविक वर्षांच्या व मैलांच्या मर्यादेंत, दुरुस्तीच्या खर्चाची भरपाई मिळण्याची सोय झाली. ती मुदत केव्हांच उलटून गेली आहे. परंतु त्या दाव्यामुळें एक आंकडा जगापुढें आला: त्या काळांतील मोटारींत ही खोड उद्भवण्याचें प्रमाण शंभरांत चारपासून दहापर्यंत, तर इतर वर्षांच्या मोटारींत शंभरांत एकाहूनही कमी.

आतां आपल्या शाळामास्तरांपुढील खरा पेंच येथेंच आहे. मास्तर गणित शिकवितात. ते कागद घेऊन बसतात. समजा, एंजिन गेल्यास खर्च १५ हजार डॉलर; समजा, शंभरांत सात मोटारींचें एंजिन जाणार. म्हणजे शंभर मालकांचें मिळून नुकसान १ लाख ५ हजार डॉलर. दर डोई अवघे १०५०. उलट प्रत्येकानें आधींच बेअरिंग बदलून घेतलें व त्यास, समजा, अडीच हजार लागले, तर शंभरांचा खर्च अडीच लाखांवर जातो. म्हणजे गणित असें सांगतें कीं, बेअरिंगास हातच लावूं नये. गणितांत चूक नाहीं. चूक आहे ती एवढीच कीं, मास्तर शंभर नाहींत. ते एक आहेत. ते १०५० डॉलर या जगांत कोणीच कधीं भरीत नाहीं. त्र्याण्णव जण कांहींच भरीत नाहींत आणि सात जण सगळेच्या सगळे भरतात. ज्याच्या पदरीं अशा शंभर मोटारी आहेत त्या व्यापाऱ्यानें सरासरी पाहावी. ज्याच्या दारीं एकच मोटार उभी राहणार, त्यानें आपली शिल्लक पाहावी.

मास्तरांच्या पत्नीनें हीच गोष्ट गणितावांचून ओळखिली. तिनें एवढेंच विचारिलें, "उद्यां तें एंजिन फुटलें, तर आपल्या घरांत काय बदलेल?" त्या रात्रीं मास्तरांस उत्तर देतां आलें नाहीं.

गांवाजवळ दोन मोटारी विकावयास होत्या. पहिली पाहतांच डोळे दिपावे अशी. वीस वर्षांत जेमतेम २० हजार मैल चाललेली, कापडाखालीं झांकलेली, आंतील कातडें नव्यासारखें. किंमत मास्तरांच्या सबंध शिलकेएवढी. दुसरी ९० हजार मैल चाललेली. बसण्याची जागा झिजलेली, पुढच्या भागावर खड्यांचे टवके. परंतु तिच्याबरोबर पावत्यांचें एक जाड बाड होतें: तेल केव्हां बदललें, पाण्याचा पंप केव्हां बदलला, सर्व तारीखवार. किंमत बरीच कमी.

सामान्य माणसाचें मन पहिलीकडे धांवेल. परंतु या एंजिनांवर वर्षानुवर्षें काम केलेल्या पुष्कळ कारागिरांचें मत असें आहे कीं, फार जपून उभी करून ठेविलेली मोटारच अधिक संशयास्पद. थोड्या थोड्या अंतराच्या फेऱ्यांत तेल पुरतें तापत नाहीं. त्यांतील ओल व आम्ल तसेंच राहतें. आणि तेंच तेल वर्षानुवर्षें बेअरिंगाभोंवतीं सांचून राहतें. नेमानें चालविलेली व वेळच्या वेळीं तेल बदललेली मोटार त्या मानानें निरोगी निघते. मनुष्यदेहाप्रमाणें यंत्रासही अति विश्रांति मानवत नाहीं.

परीक्षेचेही मार्ग आहेत. तेलाचा फिल्टर कापून उघडावा व त्याच्या घड्यांत धातूचे चमकणारे कण आहेत काय, तें पाहावें. गिअरबॉक्सच्या जोडापाशीं तेलाचा ओलावा आहे काय, तें पाहावें. बारीक नळीचा कॅमेरा आंत घालून सिलिंडरच्या भिंतींवर चरे पडले आहेत काय, तेंही पाहावें. ही शेवटली परीक्षा पुष्कळ जण विसरतात. प्रसिद्ध खोडीचा हाच दुष्परिणाम असतो: सर्वांचे डोळे तिच्यावर खिळतात आणि इतर दोष बिनबोभाट दारांतून आंत शिरतात. वीस वर्षांच्या मोटारीच्या रबरी नळ्या, पाण्याचा पंप, तेलाचीं सीलें, यांचें आयुष्य कोणत्याही खटल्यांत गाजलें नाहीं. पण तें संपतें मात्र निश्चित.

बेअरिंग बदलण्यास गिअरबॉक्स, क्लच व फ्लायव्हील हीं सर्व उतरवावीं लागतात. म्हणून शहाणे लोक क्लच बदलण्याच्या वेळींच हें काम उरकून घेतात. उकलण्याची मजुरी एकदांच पडते. बदली म्हणून चिनी मातीच्या जातीच्या कठीण छर्ऱ्यांचीं बेअरिंगें मिळतात, तसेंच जुन्या पद्धतीप्रमाणें तेल पोंचविणारीं साधीं बेअरिंगेंही मिळतात. कोणतेंही बसविलें तरी तें अमर नव्हे. मात्र झिजूं लागलेल्या बेअरिंगाचा चुरा एकदां तेलांत पसरला, कीं नवें बेअरिंग बसविणें म्हणजे चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला.

मास्तरांनीं दुसरी मोटार घेतली. फिल्टरमध्यें चमक आढळली नाहीं, सिलिंडरच्या भिंती स्वच्छ निघाल्या. वांचलेल्या पैशांतून बेअरिंगाचा व क्लचचा खर्च त्यांनीं सौद्याआधींच बाजूस काढून ठेविला, व त्याखेरीज घराच्या गंगाजळीस हात लाविला नाहीं. मोटार ताब्यांत आली त्या दिवशीं ते तीस घेऊन लांब फिरावयास गेले नाहींत. ती कारखान्यांत पोंचविली. जुनें बेअरिंग निघाल्यावर मिस्त्रीनें तें त्यांच्या हातांत दिलें. त्यांनीं बोटांनीं फिरवून पाहिलें. तें अगदीं सुरळीत फिरलें.

तें आणखी वीस वर्षें टिकलें असतें, कीं पुढल्याच महिन्यांत ढासळलें असतें, हें मिस्त्रीस सांगतां आलें नाहीं. कोणासही आलें नसतें. मग खर्च व्यर्थ गेला काय? मास्तरांच्या पत्नीच्या प्रश्नास आतां उत्तर होतें. एंजिन उद्यां कांहीं निराळ्याच कारणानें बंद पडलें, तर मोटार दारांत उभी राहील. घरांतलें दुसरें कांहींही बदलणार नाहीं. जीस असें उत्तर देतां येतें, ती मोटार खोडीसकट घ्यावी. ज्यास असें उत्तर देतां येत नाहीं, त्यानें शंभरांत चार काय आणि दहा काय, आंकड्यांचा आधार शोधूं नये. चित्र भिंतीवरच राहूं द्यावें. खोड घोड्याची असते, मांड मात्र ज्याची त्यालाच ओळखावी लागते.