सिद्ध ज्ञान आणि कामाची जागा
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली, तेव्हा आम्हांला प्रथम संकोचच वाटला. आम्ही वैद्य नव्हे, शास्त्रज्ञही नव्हे. कलाशाखेचे साधे पदवीधर. सारी हयात केंद्र सरकारच्या चाकरीत टिपणे लिहिण्यात गेली. परंतु आजच्या विषयात आमच्यासारख्या कागद लिहिणाऱ्यांचाही वाटा आहे, आणि काही अंशी दोषही आहे. म्हणून हे धाडस करीत आहोत.

काही वर्षांपूर्वी पाहणीच्या निमित्ताने एका जिल्हा रुग्णालयाच्या प्रसूतिकक्षात जाण्याचा प्रसंग आला. भिंतीवर हात कसे धुवावेत ह्याचा सुरेख रंगीत तक्ता होता आणि त्याखालचा नळ कोरडा होता. आम्ही अधिकाराच्या सुरात विचारणा केली. तेथील परिचारिका शांतपणे म्हणाली, "साहब, पोस्टर दो बार आ चुका है, पानी नहीं आया." तो तक्ता लावण्याचा आदेश ज्या फाइलीतून गेला होता, तिच्यावर आमचीही सही होती. स्वच्छ हातांनी बाळंतिणीचे प्राण वाचतात, हे शास्त्र खरेच आहे. पण ते भिंतीपर्यंत येऊन थांबले होते.

सिद्ध झालेला उपाय एके ठिकाणी फळतो आणि दुसरीकडे वाया जातो, असे का व्हावे? ह्याचे एक उदाहरण आपल्या दिल्लीतच आहे. तीस हजारीजवळचे सेंट स्टीफन्स रुग्णालय आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेच्या सुरक्षिततेसाठी 19 मुद्द्यांची एक यादी तयार केली. 2007-08 मध्ये जगातील आठ शहरांत तिची परीक्षा झाली, त्यांत हे रुग्णालय होते. आठही ठिकाणांचा हिशेब एकत्र केला असता मृत्यूचे प्रमाण शेकडा 1.5 वरून 0.8 वर आले. यादीतील गोष्टी साध्याच होत्या: रुग्ण तोच आहे ना, प्रतिजैविक वेळेवर दिले ना, आणि उपस्थित प्रत्येकाने आपले नाव व काम सांगितले ना. शेवटची बाब आम्हांला फार महत्त्वाची वाटते. ज्या दालनात परिचारिकेला "डॉक्टरसाहेब, क्षणभर थांबा" असे म्हणण्याची मुभा आहे, तेथेच ही यादी जिवंत राहते.

पुढे कॅनडातील ओंटारिओ प्रांताच्या सरकारने ह्या यादीच्या पालनाचा जाहीर अहवाल देणे रुग्णालयांवर बंधनकारक केले. जवळजवळ संपूर्ण पालन होत असल्याचे अहवाल आले. परंतु 2014 मध्ये 101 रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा मृत्यूंत लक्षणीय घट आढळली नाही. श्रीमंत देशातही रकाने भरणे आणि काम होणे ह्यांत अंतर पडते, हे आम्हां सरकारी माणसांना निराळे सांगावयास नको.

आपल्या शेजारच्या उत्तर प्रदेशातील अनुभव तर अधिक बोलका आहे. तेथील 120 आरोग्यकेंद्रांत सुरक्षित प्रसूतीच्या यादीची परीक्षा झाली. निम्म्या केंद्रांत ती यादी आणि सोबत आठ महिने मार्गदर्शक देण्यात आले. मार्गदर्शक येत होते तेव्हा, दुसऱ्या महिन्यात, आवश्यक कृतींपैकी शेकडा 73 होत होत्या. वर्षाअखेरीस, मार्गदर्शन थांबल्यावर, त्या 62 वर उतरल्या. आणि 2017 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, त्यांत माता व अर्भकांच्या मृत्यूंत फरक दिसला नाही. सवयी सुधारल्या होत्या. पण नुसत्या सवयीने औषधांचा साठा भरत नाही, की अडलेल्या प्रसूतीत कुशल हात मिळत नाहीत.

मग करावे काय? उत्तरासाठी आपल्याच महाराष्ट्राकडे पाहू. डॉ. अभय व डॉ. राणी बंग ह्यांनी 1986 च्या सुमारास गडचिरोलीत 'सर्च' संस्थेचे काम सुरू केले. दोन महिन्यांच्या आतील बाळाचा श्वास मिनिटाला 60 किंवा अधिक असेल, तर न्यूमोनियाचा संशय घ्यावा, हा शास्त्राचा नियम. पण खेड्यातील अनेक सुइणींना साठपर्यंत मोजताच येत नव्हते. दुसऱ्या कोणी सुइणींनाच नालायक ठरविले असते. ह्या दांपत्याने मण्यांचे एक साधन बनविले: सोबत एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ, आणि दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. नियम तोच राहिला. तो पाळण्याची सोय सुइणीच्या हाती आली. पुढे गावातल्याच थोड्या शिकलेल्या स्त्रिया 'आरोग्यदूत' झाल्या. नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घेण्याच्या त्यांच्या पद्धतीने 39 गावांत नवजात मृत्यू शेकडा 62 ने घटल्याचे 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. 2011 मध्ये केंद्र सरकारने आशा कार्यकर्त्यांमार्फत ती पद्धत देशभर स्वीकारली. आता त्या आशाताईच्या पिशवीत औषध आहे काय, तिचा मोबदला वेळेवर मिळतो काय, हे पाहणे पुन्हा आमच्याच टेबलावर येते.

आपल्या मंडळाच्या कुटुंबांत डॉक्टर आहेत, परिचारिका आहेत आणि सचिवालयांत बसणारेही पुष्कळ आहेत. त्या सर्वांना आमची एकच विनंती आहे. आदेशावर सही करण्यापूर्वी, हे काम ज्या बाईला करावयाचे आहे, तिच्यापाशी ते करण्याचे साधन, वेळ आणि बोलण्याची मुभा आहे काय, एवढे विचारावे.

त्या कोरड्या नळाचे काम मंजूर होण्यास अकरा महिने लागले. त्या अवधीत किती बाळंतिणी त्या कक्षातून गेल्या, ह्याची नोंद आमच्या कोणत्याही फाइलीत नाही.