जुन्या वाद्याचे वय आणि मोल
(महोत्सवानिमित्त शिवथर येथे गायकवृंद व श्रोतृजन यांच्यासमोर केलेले भाषण)



महोत्सवाच्या दिवशी वक्त्याने गतकाळाची थोरवी गावी, असा प्रघात आहे. ते कार्य आमच्या आधी बोललेल्या वडील मंडळींनी उत्तम प्रकारे केले आहे. आम्ही आपल्या गायकवृंदाच्या एका वाद्याविषयी चार शब्द बोलणार आहोत. कारण त्यासंबंधी एक निर्णय आपणां सर्वांस घ्यावयाचा आहे. आपली जुनी बेस गिटार विकत घेण्याची इच्छा मुंबईच्या एका संग्राहकाने दर्शविली आहे. कोणी म्हणतात, ती द्यावी व त्या पैशांत नवा ऑर्गन घ्यावा. कोणी म्हणतात, मुळीच देऊ नये. आणि दोघा-तिघांनी आमच्या कानी असेही घातले आहे की, द्यावयाचीच तर तिची मान एकदा निखळली होती, ही गोष्ट उच्चारू नये. या तिसऱ्या सूचनेमुळेच हे भाषण करणे आम्हांस अवश्य वाटले.

प्रथम वाद्याची ओळख करून घेऊ. साध्या गिटारीच्या खालच्या चार तारांहूनही एक सप्तक खाली बोलणारे हे वाद्य. आपले वाद्य आकाराने व्हायोलिनसारखे असून त्याचे अंग आतून पोकळ आहे. म्हणूनच ते हाती घेताच इतके हलके लागते. असे वाद्य प्रथम जर्मनीतील हॉफनर या कारखान्याने १९५६ साली विक्रीस आणले. कार्ल हॉफनर याने हा कारखाना १८८७ साली शोनबाख गावी काढला. ते गाव आज चेक देशात असून त्याचे नाव लुबी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथील जर्मन भाषिकांस घरेदारे सोडावी लागली, तेव्हा हे वाद्यकारही बव्हेरियात येऊन पुन्हा उभे राहिले. कार्लचा पुत्र वाल्टर याने व्हायोलिनचा घाट या नव्या वाद्यास दिला. वरची फळी स्प्रूसची, पाठ व बगला मेपलच्या, ही व्हायोलिनकारांची जुनीच रीत त्याने चालू ठेवली.

आता याचे वय कसे सांगावे? पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वर, पाचगणी या मार्गाने वाईस जा. तेथून जवळच मेणवलीस कृष्णाकाठी एक थोर घंटा टांगलेली आहे. १७३९ साली वसई मराठ्यांच्या हाती आली, त्यानंतर तिकडून आलेल्या घंटांपैकी ती एक. तिच्यावर बाळ येशूसह पवित्र मातेची आकृती आहे आणि १७०७ हे साल आहे. घंटा एकाच ओतकामाची असते. म्हणून तिच्या अंगावर कोरलेले साल हे सबंध घंटेचे साल होय. गिटारीचे तसे नाही. ती अनेक अवयवांची जुळणी आहे आणि प्रत्येक अवयवाचा जन्म निराळा असू शकतो. खुंट्या बदलतात, घोडी बदलते, तारांचा नाद विजेच्या रूपाने पुढे पाठविणारे पिकअपही बदलतात. यास्तव एका खुणेवर विश्वासून साल सांगणारा मनुष्य बहुधा फसतो.

अनुक्रमांकही पुरेसा नाही. अमेरिकेच्या गिब्सन कारखान्याने १९६१ ते १९६९ या काळात तेच तेच आकडे पुन्हा वापरले. अमेरिकी वाद्यांच्या पोटात आवाज कमीजास्त करणारे जे पुर्जे असतात, त्यांवर बनावटकाराचा आकडा, साल व आठवडा छापलेला असतो. परंतु त्यावरून त्या पुर्ज्याचे साल कळते. वाद्य त्यापूर्वीचे नसावे, एवढेच त्यावरून म्हणता येते. आणि तेही पुर्जा मूळचा असला तरच. यास्तव जाणकार प्रथम डाखकाम पाहतो. डाख मूळचा की मागाहूनचा, रोगणाखाली दुसरे रोगण आहे की काय, स्क्रूंची रिकामी छिद्रे कोठे बुजविली आहेत काय, हे सर्व तो तपासतो.

आपल्या वाद्यास वर नादछिद्रे नाहीत. म्हणून पिकअप अलगद उचलून विजेरी व लहान आरसा यांच्या साह्याने आत पाहिले. पहिल्या काळातील या वाद्यांत दोन्ही पिकअप मानेच्या बाजूस जवळजवळ बसविलेले असत. पुढे दुसरे घोडीकडे सरकले. आपल्या वाद्यात ते घोडीकडे असून तेथे दुसरे जुने छिद्र नाही. पिकअपची घडणही साठाच्या दशकाच्या मध्याची आहे. पिकअपखालचे लाकूड व जुने रोगण अस्पर्श आहेत. यावरून हे वाद्य १९६३ ते १९६७ या काळातील असावे, असे आमचे मत झाले आहे. खुंट्या मात्र देशी व नव्या आहेत.

त्या नव्या का, हेही समजून घ्यावे. १९९१ पूर्वी परदेशी माल आणणे आपल्या देशात दुर्घट होते. बोटीवरच्या एखाद्या खलाशाने आणलेले वाद्य मोडले की धोबी तलावाच्या आसपास जे मिळेल त्यावर काम भागवावे लागे. ज्या काळात टोनी वाझ यांच्यासारखे वादक राहुलदेव बर्मन यांच्या संगीतास बेस गिटारीचा पाया देत होते, त्या काळची ही वस्तुस्थिती आहे. त्यात आपल्या खोऱ्याचा पाऊस! चार महिने भिंती घामेजतात, तेथे सरसाने जोडलेला सांधा किती टिकावा? २०२१च्या जुलैत महाड पाण्याखाली गेले. त्या पावसाळ्यात हे वाद्य बुडाले नाही. परंतु ओलीने त्याची मान सुटली. ती एका कुशल कारागिराने पुन्हा बसविली व पाठीवर नवे रोगण दिले.

मोलाचा प्रश्न येथेच उभा राहतो. बाजारात सामान्यतः असा अजमास आहे की, संपूर्ण रोगण बदललेल्या वाद्यास मूळ रोगणाच्या वाद्याच्या निम्म्याजवळ किंमत येते. मोडून जोडलेल्या मानेचाही हिशेब बराचसा तसाच. शिवाय मागितलेली किंमत म्हणजे मिळालेली किंमत नव्हे. त्याच नमुन्याचे, त्याच सुमाराचे व तशाच स्थितीतले वाद्य प्रत्यक्ष कितीस गेले, ते पाहावे. विम्यासाठीची किंमत, गिऱ्हाइकाने द्यावयाची किंमत व व्यापारी देईल ती किंमत, या तीन निरनिराळ्या गोष्टी होत.

तथापि डागडुजी ही नेहमी कलंकच असते, असे नाही. बीटल्स मंडळीतील पॉल मॅकार्टनी याने १९६१ साली हँबुर्ग येथे असेच एक हॉफनर वाद्य सुमारे तीस पौंडांस घेतले. १९६४ साली ते दुरुस्त करून त्यावर नवे रोगण चढविण्यात आले. १९७२ साली लंडनमध्ये एका गाडीतून ते चोरीस गेले. पन्नासाहून अधिक वर्षांनी ते एका घराच्या माळ्यावर सापडले, कारखान्याने तपासून तेच असल्याचा निर्वाळा दिला, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये ही वार्ता प्रसिद्ध झाली. एका कारखान्याची वाद्ये एकमेकांसारखी असतात. परंतु प्रत्येकाची डागडुजी त्याची एकट्याची असते. लिहून ठेवलेला सांधा साक्षीदार होतो. लपविलेला सांधा तोच चोर ठरवितो.

तेराव्या शतकात संत थोमस आक्विनास यांनी आपल्या ‘सुम्मा’ ग्रंथात हाच प्रश्न घेतला आहे. वस्तूतील जो दोष दिसत नाही व ज्याने घेणाऱ्याचे नुकसान होईल, तो विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे, असा त्यांचा निर्णय आहे. दोष उघड दिसत असेल व किंमत त्याप्रमाणे उतरविली असेल, तर बोलण्याची सक्ती नाही. आपल्या वाद्याचा सांधा इतका बेमालूम आहे की तो दिसत नाही. कारागिराच्या कौशल्यानेच आपली जबाबदारी वाढविली आहे.

विकावे की ठेवावे, हे आपण सर्वांनी मिळून ठरवावे. आम्ही दोन्ही बाजूंस मान देऊ. परंतु त्याआधी एक कागद तयार व्हावा. वाद्य कोणत्या सुमाराचे, मूळचे काय, बदललेले काय, मान केव्हा व का सुटली, हे त्यात लिहावे, सोबत छायाचित्रे जोडावी आणि तो वाद्याच्या पेटीतच ठेवावा. वाद्य गेले तर हा कागद त्याच्याबरोबर जाईल व किंमत कदाचित निम्मी येईल. ऑर्गन थोडा लहान घ्यावा लागेल, एवढेच. वाद्य राहिले तर पुढच्या महोत्सवात ते वाजविणाऱ्या मुलास आपल्या हाती काय आहे, हे ठाऊक असेल.